अल्पायुषी मंडळ्यांचे ऋण
(नभोवाणीवरील भाषण)

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यात, सोलापूरहून धुळ्यास जाणाऱ्या हमरस्त्यावर तेरखेडा म्हणून आमचे गाव आहे. ह्या गावाचे नाव दूरवर माहीत आहे ते तेथे होणाऱ्या फटाक्यांमुळे. दारू भरावी, कागद गुंडाळावा, वात बसवावी, उन्हात वाळवावे, असे दिवसचे दिवस खपून माणसे जो जिन्नस तयार करितात तो एका निमिषात उजळून नाहीसा होतो. ह्या धंद्याने गावातील पुष्कळांच्या चुली पेटविल्या आणि अपघातांत काही घरांतील माणसेही नेली. तेव्हा त्याचे कौतुक गाण्यास मी येथे बसलेलो नाही. परंतु थोडा वेळ टिकणाऱ्या गोष्टीची किंमत कशी करावी, हा प्रश्न आमच्या गावच्या माणसास इतरांपेक्षा लवकर सुचतो, एवढेच मला सांगावयाचे आहे.

तो प्रश्न मला गेल्या दिवाळीत माझ्या नातवाने घातला. तो पुण्यास शिकावयास आहे. अंगणात बसून तो आपल्या दूरध्वनीयंत्रावर काही विलायती गाणी ऐकत होता. मी विचारले, "हे कोण गातात रे?" तो म्हणाला, "आजोबा, हे स्कॉटलंडचे लोक. ऑरेंज ज्यूस असे ह्यांच्या मंडळीचे नाव." संत्र्याच्या रसाचे नाव धारण करणारी गायकमंडळी मी प्रथमच ऐकली आणि मला हसू आले. मग त्याने मला त्यांची हकीकत सांगितली, ती थोडक्यात आपणांसही सांगतो.

ग्लासगो हे स्कॉटलंडातील कारखान्यांचे शहर. तेथे एड्विन कॉलिन्स ह्या विशीच्या तरुणाने आपल्या मित्रांसह १९७९ च्या सुमारास ही मंडळी ह्या नावाने उभी केली. त्या देशात ध्वनिमुद्रिका काढावयाची तर लंडनच्या मोठ्या कंपन्यांचे उंबरे झिजवावे लागत. ह्या मुलांनी तसे न करता अॅलन हॉर्न नावाच्या मित्राच्या घरातूनच 'पोस्टकार्ड' ह्या नावाने १९८० मध्ये आपल्या तबकड्या स्वतः काढल्या. अशा स्वतःच्या बळावर चालणाऱ्या संगीतास तिकडे स्वतंत्र संगीत म्हणू लागले. पोस्टकार्डचा संसार दीड-दोन वर्षांत आटोपला. मंडळी मोठ्या कंपनीकडे गेली. १९८२ मध्ये पहिला गीतसंग्रह निघतो न निघतो तोच मूळच्या चौघांपैकी दोघे बाहेर पडले. १९८३ मध्ये एक गाणे सर्वत्र गाजले. आणि १९८५ मध्ये मंडळी मोडली. हे सांगून नातू म्हणाला, "इतकी चांगली माणसे, आणि पाच-सहा वर्षांत फुटली. मग आजोबा, त्याचा उपयोग काय झाला?"

मी त्यास लगेच उत्तर दिले नाही. परंतु मनात आले की, उत्तरासाठी ग्लासगोपर्यंत जाण्याचे कारण नाही. अशीच एक तरुणांची मंडळी आपल्या मुंबईत १९३३ मध्ये निघाली होती आणि ती तर ह्या स्कॉटिश मंडळीहूनही अल्पायुषी ठरली. तिचे नाव 'नाट्यमन्वंतर'.

मंडळी फुटणे ही आपल्या रंगभूमीस काही नवलाची गोष्ट नव्हती. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये उभी केलेली किर्लोस्कर मंडळी पुढे फुटली, आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे ह्या तिघांनी तिच्यातून बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. काही वर्षांनी टेंबेही तेथून निघाले. केशवराव भोसले हे स्वदेशहितचिंतक मंडळीतून निघाले आणि वयाच्या अठराव्या वर्षी, १९०८ च्या आरंभी, त्यांनी हुबळीस ललितकलादर्श स्थापन केली. अशा फुटी बहुधा मानापमान, भागीदारी व पैसा ह्यांवरून होत. एक खोड तुटले तरी त्याची फांदी दुसरीकडे लावावी आणि तिने मूळ धरावे, तसा तो प्रकार होता. नाट्यमन्वंतराची गोष्ट निराळी आहे. ती फुटून दुसरी तशीच मंडळी निघाली नाही. तिची माणसे चहूकडे पांगली. म्हणूनच तिचा विचार वेगळा करावा लागतो.

त्या वेळी रंगभूमीची स्थिती काय होती ते प्रथम पाहू. जुने संगीत नाटक हे मुख्यतः गाण्यासाठी होते. किर्लोस्करांच्या 'सौभद्रा'त पदांची संख्या शंभराच्या घरात जाते. नाटक रात्री सुरू व्हावे आणि प्रेक्षकांनी 'वन्समोअर' देत देत ते उत्तररात्रीपर्यंत लांबवावे, हा शिरस्ता. त्या गायनाने महाराष्ट्राच्या कानास जे वळण लावले त्याचे उपकार मोठे आहेत. परंतु नायिका शोकाकुल असताना प्रेक्षकांच्या हट्टास्तव तेच पद तिने तिसऱ्यांदा म्हणावे, ह्यात नाटकाचे नाटकपण हरवत होते. स्त्रियांच्या भूमिका बहुतेक पुरुषच करीत. पडद्यावर रंगविलेले राजवाडे व उपवने प्रत्येक नाटकास तीच चालत. शिवाय एकेका मंडळीत पन्नास-पाऊणशे माणसांचे बिऱ्हाड असे आणि त्या सर्वांच्या पोटाची चिंता मालकास वाहावी लागे.

अशात १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलमआरा' हा बोलपट झळकला, आणि पुढच्याच वर्षी प्रभात कंपनीचा मराठी 'अयोध्येचा राजा' आला. गाणे, संवाद, राजवाडे, सर्व काही थोड्या पैशांत मिळू लागले. नाटकगृहांच्या मालकांस दिवसातून दोन-तीन खेळ देणारा बोलपट अधिक परवडू लागला. मोठमोठ्या मंडळ्या कर्जात रुतल्या. रंगभूमीचे दिवस भरले, असे जाणते लोक बोलू लागले होते.

ह्या पडत्या काळात मुंबईतील काही सुशिक्षित तरुण एकत्र आले. आपण हे भाषण ज्या साधनाने ऐकत आहा त्या नभोवाणीचा ह्या घटनेशी संबंध आहे, म्हणून तो सांगितला पाहिजे. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी एका खाजगी कंपनीने सुरू केले. ती कंपनी तीन वर्षांत बुडाली आणि १९३० मध्ये सरकारने ते काम हाती घेतले. त्या बाल्यावस्थेतील नभोवाणीवर नाट्यप्रयोग करणारा 'रेडिओ स्टार्स' नावाचा हौशी संच होता. त्या संचातील मंडळींतून नाट्यमन्वंतराचा उगम झाला. ध्वनिक्षेपकापुढे अभिनय करणाऱ्यास पडद्याचा, पोषाखाचा अथवा हातवाऱ्यांचा आधार नसतो. शब्द नैसर्गिक रीतीने उच्चारावा लागतो आणि गाणे थोडक्यात आटोपावे लागते. ह्या शिस्तीचा ठसा त्यांच्या पुढील नाटकावर उमटला असावा असे मला वाटते.

ही माणसे कोण? नाटककार श्रीधर विनायक वर्तक. दिग्दर्शनाची धुरा वाहणारे के. नारायण काळे, वय एकोणतीस, पदे लिहिणारे कवी अनंत काणेकर, वय सत्तावीस, संगीताचे मर्मज्ञ टीकाकार आणि संगीतरचनाकार केशवराव भोळे, पार्श्वनाथ आळतेकर, आणि महाराष्ट्र नाटक मंडळीत नावारूपास आलेले, ह्या तरुणांत वयाने व अनुभवाने वडील असे नट केशवराव दाते. स्त्रीभूमिकांसाठी पद्माबाई वर्तक आणि ज्योत्स्नाबाई भोळे. ज्योत्स्नाबाई मूळच्या गोव्यातील बांदिवड्याच्या दुर्गा केळेकर. १९३२ मध्ये केशवरावांशी त्यांचा विवाह झाला होता आणि रंगभूमीवर त्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस होते.

ह्या मंडळींनी १ जुलै १९३३ रोजी मुंबईच्या रिपन थिएटरात 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केले. त्याचे मूळ नॉर्वे देशाचे साहित्यिक ब्यर्नस्टयेर्न ब्यर्नसन ह्यांच्या १८८३ मधील एका नाटकात आहे. ह्या ब्यर्नसनांस पुढे १९०३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ नाटकातील तरुणीस कळते की, आपल्या नियोजित वराचा पूर्वी एका स्त्रीशी संबंध होता. लोक म्हणतात, पुरुषांचे असे चालावयाचेच. ती विचारते, वधूच्या शीलाची जी कसोटी तीच वरास का नको? मूळ नाटकात ती आपला हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. नव्वद वर्षांपूर्वीच्या मुंबईत हा प्रश्न रंगभूमीवरून विचारणे म्हणजे प्रेक्षागृहातील प्रत्येक घरमालकास विचारण्यासारखेच होते.

आता त्या प्रयोगात नवे काय होते ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट स्त्रियांची. स्त्रीभूमिका स्त्रियांनी करणे अगदीच अपूर्व होते असे नव्हे. हिराबाई बडोदेकरांच्या मंडळीत १९२९ च्या सुमारास स्त्री-पुरुष एकत्र काम करू लागले होते. परंतु सुशिक्षित पांढरपेशा घरातील स्त्रीने आपल्याच काळातील, आपल्यासारखाच पोषाख केलेली तरुणी उभी करावी, ह्याचा परिणाम फार निराळा झाला. स्त्रीच्या शीलाविषयीचा प्रश्न पुरुषाने लुगडे नेसून विचारला असता तर त्याची धार तेवढी उरली नसती.

दुसरी गोष्ट नेपथ्याची. गुंडाळावयाचे पडदे जाऊन दारे, खिडक्या व खरे सामानसुमान असलेली बैठकीची खोली रंगभूमीवर आली. भिंत खरी दिसू लागली की नटास प्रेक्षकांकडे तोंड करून भाषण ठोकणे अवघड होते. तो समोरच्या माणसाशी बोलू लागतो.

तिसरी आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट संगीताची. केशवराव भोळे ह्यांस शास्त्रोक्त गायन उत्तम कळत होते, आणि कळत होते म्हणूनच ते कोठे नको हेही त्यांस समजले. पदे बोटांवर मोजण्याइतकीच ठेवली. ती अशा ठिकाणी घातली की, जेथे पात्र खरोखरच गुणगुणेल. ज्योत्स्नाबाईंनी बिंबाची भूमिका केली. त्या गात तेव्हा रागाचा विस्तार न होता त्या मुलीच्या मनातला एकटेपणा तेवढा बाहेर येई. ताना-आलापांचे वैभव नव्हते. शब्द मात्र शेवटच्या बाकापर्यंत स्पष्ट पोहोचत. शिवाय पात्र गात नसतानाही प्रसंगास अनुरूप असे वाद्यसंगीत आतून वाजविण्याची कल्पना त्यांनी वापरली. आज आपण चित्रपटांत ज्यास पार्श्वसंगीत म्हणतो त्याचाच हा प्रकार. ती गाणी पुढे नभोवाणीवरून व तबकड्यांवरून घरोघर गेली. मी स्वतः ती लहानपणी आमच्या शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकली आहेत. ती कोणत्या नाटकातली, हे मात्र मला कित्येक वर्षांनी कळले.

चौथी गोष्ट दिग्दर्शकाची. पूर्वी मंडळीत प्रमुख नट तोच सर्वाधिकारी. येथे कोणी किती उजेडात उभे राहावे, कोणी केव्हा थांबावे, हे संपूर्ण नाटकाच्या दृष्टीने ठरविणारा एक मनुष्य असावा, हे तत्त्व मान्य झाले. केशवराव दात्यांसारख्या मुरब्बी नटाने आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान अशा दिग्दर्शकाच्या हाताखाली काम करावे, ह्यात दोघांचाही मोठेपणा दिसतो.

'आंधळ्यांची शाळा' गाजले. मन्वंतर म्हणजे युगपालट. ते नाव सार्थ झाले असे पुष्कळांस वाटले. संस्थेने आणखी काही नाटके केली; परंतु पहिल्याचे भाग्य पुढील कोणत्याही नाटकास लाभले नाही, आणि दोन-तीन वर्षांच्या आतच नाट्यमन्वंतराचा पडदा कायमचा पडला.

असे का व्हावे? मला तीन कारणे दिसतात. एक, ही शहरातील, आपापल्या व्यवसायांतील माणसे होती. जुनी मंडळी सहा महिने सोलापूर, बार्शी, नगर असे मुक्काम करीत फिरे व त्यावर जगे. तसे फिरणे ह्यांच्याने होण्यासारखे नव्हते. एका शहरातील रसिक किती वेळा तेच नाटक पाहणार? आमच्या ह्या भागासारख्या, त्या काळी निजामाच्या राज्यात असलेल्या मुलखापर्यंत अशी नवी नाटके येण्याची सोय तर जवळजवळ नव्हतीच. दुसरे, नव्या तऱ्हेच्या प्रयोगास नव्या तऱ्हेची नाटके सतत हवीत. एक नाटक ब्यर्नसनने पुरविले. त्या तोडीचे दुसरे दरवर्षी कोठून आणावयाचे? आणि तिसरे कारण, जे मला सर्वांत बलवत्तर वाटते, ते म्हणजे बोलपटाचे आकर्षण. प्रभात कंपनी १९३३ मध्येच कोल्हापुराहून पुण्यास आली. तेथे दरमहा वेतन होते, उत्तम साधने होती, आणि नवीन कल्पना ऐकून घेणारे लोक होते. नाट्यमन्वंतराने ज्या गुणांची जोपासना केली, म्हणजे नैसर्गिक संवाद, संयमित गायन, पार्श्वसंगीत, दिग्दर्शकाची शिस्त, तेच गुण बोलपटास हवे होते. आपल्या मुलास इतके चांगले शिकवावे की त्यास गावात काम मिळू नये आणि शहराने त्यास उचलून न्यावे, असा अनुभव खेड्यातल्या आईबापांस नेहमीच येतो. ह्या मंडळीचेही काहीसे तसेच झाले.

आता पांगलेल्या माणसांचा माग काढू. १९३४ मधील प्रभातच्या 'अमृतमंथना'त केशवराव दाते नट होते आणि संगीत भोळ्यांचे होते. १९३५ च्या 'धर्मात्मा'ची लेखनाची बाजू के. नारायण काळे ह्यांनी सांभाळली. त्यात एकनाथांची भूमिका प्रत्यक्ष बालगंधर्वांनी केली. म्हणजे जुन्या युगाचा राजा आणि नव्या युगाचा दूत, दोघांसही अखेर एकाच छताखाली यावे लागले! पुढे काळ्यांनी 'वहाण' व 'माझा मुलगा' हे चित्रपट दिग्दर्शित केले. १९३६ चा 'संत तुकाराम', ज्याचा पुढील वर्षी इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, त्याचे संगीत भोळ्यांचेच. आणि १९३७ चा 'कुंकू' पाहिला आहे काय? थोराड विधुराशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्यास नवरा मानण्याचे नाकारते, असे त्याचे कथानक आहे. तो विधुर दात्यांनी उभा केला. संगीत भोळ्यांनी दिले आणि त्यात वाद्यवृंदाऐवजी प्रसंगातील स्वाभाविक आवाजांचाच उपयोग केला. 'आंधळ्यांच्या शाळे'त विचारलेला प्रश्नच येथे दुसऱ्या मुलीने विचारला आहे, असे तो चित्रपट पाहताना मला वाटते.

रंगभूमीवरही बी रुजले. आळतेकरांनी पुढे नव्या नटांस नाट्यशिक्षण देण्याचे काम हाती घेतले. मो. ग. रांगणेकरांनी नाट्यनिकेतन काढून १९४२ मध्ये 'कुलवधू' आणले. थोडी गाणी, घरातली एकच खोली, आपल्या काळातील स्त्रीचा प्रश्न, आणि नायिकेच्या भूमिकेत ज्योत्स्नाबाई. काही वर्षांपूर्वी मोडलेला डाव पुन्हा मांडला गेला आणि ह्या खेपेस तो टिकला. ज्योत्स्नाबाई २००१ पर्यंत हयात होत्या. त्यांनी तरुणपणी ज्याची सुरुवात केली ते इतके सर्वसामान्य झालेले त्यांनी पाहिले की, कोणास त्यात काही विशेष वाटेनासे झाले होते.

श्रोतेहो, मला वाटते नातवाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. मंडळी किती वर्षे टिकली हा हिशेब व्यापाऱ्याचा. ती मोडल्यावर लोक कोणती गोष्ट सहज करू लागले, हा हिशेब कलेचा. आज नाटकात मुलगी मुलीचे काम करिते, गाणे प्रसंगापुरते येते, आणि आपण त्याचा विचारही करीत नाही. ज्याचे नवल वाटेनासे झाले त्याच्या मागे कोणाचे तरी विसरलेले श्रम असतात.

हे मला आज सुचते. परंतु योग्य वेळी सुचले नाही, ही माझी खंत आहे. मी मॅट्रिक झालेला एक साधा शिक्षक. सुमारे तीस वर्षांपूर्वी माझ्या सहा-सात माजी विद्यार्थ्यांनी एक कलापथक काढले होते. एक पेटी, एक ढोलकी, दोन झांजा आणि त्यांनी स्वतः रचलेली गाणी. हुंड्यावर, दारूवर, विहिरीच्या पाण्यावर. त्यांत एक मुलगीही होती. तिच्या वडिलांची समजूत घालण्यास मीच गेलो होतो. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर त्यांनी दोन हिवाळे कार्यक्रम केले. पहिल्या वर्षी मुलगी गाते म्हणून काही जण उठून गेले. दुसऱ्या वर्षी कोणी उठले नाही. मग एकास पुण्याच्या कारखान्यात काम मिळाले, एक पोलिसात भरती झाला, मुलीचे लग्न झाले, आणि उरलेल्यांपैकी दोघांचे मिळालेल्या मानधनावरून बिनसले. पेटी वाजविणारा मुलगा ती पेटी माझ्या घरी ठेवावयास आला. तेव्हा मी त्यास चारचौघांत म्हणालो, "आरंभशूर आहा तुम्ही सगळे. दोन वर्षे वाया घालविली." तो काही बोलला नाही. पेटी ओसरीवर ठेवून गेला, आणि त्यानंतर तो माझ्याकडे आला नाही.

गेल्या वर्षी एका शाळेच्या स्नेहसंमेलनास मला बोलाविले होते. दहा-बारा मुली व्यासपीठावर उभ्या राहून खड्या आवाजात गायल्या. पुढच्या रांगेत त्यांचे आजे-पणजे बसले होते आणि टाळ्या वाजवीत होते. उठून कोणीच गेले नाही. ही गोष्ट सर्वस्वी त्या सहा-सात मुलांमुळे घडली असे मी म्हणणार नाही. पुष्कळांच्या हातांनी ती घडली. परंतु त्या पुष्कळांत ते होते, आणि ती दोन वर्षे वाया गेली नव्हती.

नातवास मी हेच सांगितले. त्या कलापथकातील कोणी आज हे भाषण ऐकत असेल तर त्यासही सांगतो की, त्या दिवशी तुमचे मास्तर चुकले. पेटी माझ्याकडे अद्याप आहे. भात्याचे कातडे मी नवे बसवून घेतले आहे. केव्हाही येऊन घेऊन जावी.